मेस्त्रींचा रशिया

विश्राम मेस्त्री काही सांगायला लागले की आधी हातातलं खाली ठेवायचे. चहाचा पेला असो, कांदा चिरायची सुरी असो, नाहीतर मोबाइल. पुढची दहा-पंधरा मिनिटं त्यांना दोन्ही हात लागणार असत. डावी मूठ म्हणजे अंतराळस्थानक आणि उजवी मूठ म्हणजे त्याला जोडायला निघालेलं यान. ठिणग्यांच्या बारीक पांढऱ्या डागांनी भरलेले ते वेल्डरचे हात इतके सावकाश जवळ यायचे, की कुवेतमधल्या महबूल्याच्या त्या खोलीत बसलेले सात-आठ जण जेवणं विसरून बघत राहायचे.

मी आमच्या कंपनीच्या कुवेत सिटीतल्या हेड ऑफिसात कागदपत्रं बघतो. कोणाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, कधी संपतो, कोणाची रजा कधी लागते, हे माझं काम. मेस्त्री शुऐब्याच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या बनतात. माणूस पहिल्यांदा समोर आला तो इकाम्याच्या कागदांवर सही करायला. सही केली आणि माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघत उभा राहिला. कॅलेंडरवर रॉकेटचं चित्र होतं आणि खाली ‘अमेरिकन झेप’ अशा अर्थाचं इंग्रजीत काहीतरी छापलेलं.

“साहेब, ह्यो रशियन आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“रॉकेट. सोयूझचं. बुडाला बघा, चार बाजूंना चार गाजरं लावल्यासारखी दिसतात की नाय? अमेरिकन असा नसतो.” आणि मग जरा ओशाळून, “तुमच्या कॅलेंडराक नावं नाय ठेवत. आपलं सांगितलं.”

ते कुडाळच्या बाजूचे. माझ्याशी बोलताना ते पुस्तकी मराठी बोलायचा प्रयत्न करत आणि तिसऱ्या वाक्याला मालवणीत घसरत. शाळा आठवीपर्यंतच झालेली. पण ते शाळेत असताना तालुक्याच्या गावी रशियन पुस्तकांची गाडी यायची. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं, मराठीत छापलेली आणि किमतीला अगदी स्वस्त. काजूच्या बिया गोळा करून आलेल्या पैशांतून त्यांनी दोन पुस्तकं घेतली, दोन्ही अंतराळयानांची. पुढे आयटीआयला वेल्डिंग शिकले, मुंबईत गोदीत राहिले, कुवेतला आले, पण ती दोन पुस्तकं डोक्यातून गेली नाहीत. नंतर जे मिळेल ते वाचत गेले. इंग्रजी अडखळत, रशियन लिपी आणि भाषा स्वतःची स्वतः शिकून. वर्कशॉपमध्ये त्यांना ‘रशियन मेस्त्री’ म्हणत आणि शुक्रवारी दुपारी जेवणानंतर त्यांच्या खोलीत जे चालायचं त्याला ‘रशिया’. “आज रशिया आहे का?” असं फहाहीलहून माणसं फोन करून विचारत.

त्यांच्या खोलीतला दुसरा पलंग इस्माईल होडेकरचा. रत्नागिरीच्या खाडीकाठचा फिटर. सोळा वर्षं दोघं एकाच खोलीत राहिले. मासळी इस्माईलने करायची आणि भात मेस्त्रींनी, ही वाटणी कधी बदलली नाही. मेस्त्री रंगात आले की इस्माईल मधेच विचारायचा, “ते ठीक आहे, पण जेवले काय ते?” पहिला माणूस पृथ्वीभोवती एक फेरी मारून खाली आला, यानातून बाहेर उडी टाकून वेगळ्या छत्रीने शेतात उतरला, बटाटे लावणारी एक म्हातारी त्याला बघून घाबरली, असं मेस्त्री तन्मय होऊन सांगत असत आणि इस्माईल म्हणे, “म्हातारीने बटाटे दिले काय?” मेस्त्री चिडत नसत. “नळीतलं मटण खाल्लं त्याने. पेस्टसारखं. पण म्हातारीकडे काय खाल्लं तां माका ठावक नाय. शोधून सांगतो.” आणि खरंच पुढचे चार शुक्रवार शोधत बसत.

इस्माईलची आवडती गोष्ट एकच होती. तो पहिला माणूस रॉकेटकडे जाताना बस थांबवून उतरला आणि मागच्या चाकावर लघवी करून आला, तेव्हापासून आजतागायत प्रत्येक रशियन अंतराळवीर तसंच करतो, ही. नवा कोणी खोलीत आला की इस्माईल म्हणायचा, “ह्याला बसची सांग.”

वेल्डर असल्यामुळे मेस्त्रींचा मात्र जीव होता तो वेल्डिंगच्या गोष्टीवर. अंतराळात पहिलं वेल्डिंग रशियनांनी केलं. यानाच्या एका खोलीतली हवा काढून टाकली, मधलं दार बंद केलं आणि दुसऱ्या खोलीत बसून दोघांनी बटणांनी यंत्र चालवलं. दार उघडून बघतात तर यंत्राच्या झोताने यानाच्या भिंतीला जवळजवळ भोक पाडलेलं. “हे त्यांनी कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाय,” मेस्त्री म्हणत. “पण पुढे एका बाईने बाहेर जाऊन, उघड्या अंतराळात, हातात यंत्र धरून वेल्डिंग केलं. बाईने. आणि आमच्या फोरमनला वाटतं, डोक्यावरच्या सांध्याला वेल्ड मारणं कठीण.”

एकदा आमच्याकडे टाक्या तपासायला बाहेरच्या कंपनीचा एक रशियन इन्स्पेक्टर आला. तिशीतला, कायम मोबाइलमध्ये. मेस्त्री दोन दिवस त्याच्या अवतीभवती घोटाळले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला रशियनमध्ये त्या वेल्डिंगबद्दल विचारलं. त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मेस्त्रींचा चेहरा पडला. मग त्यांनीच त्याला सांगायला सुरुवात केली, मोडक्यातोडक्या रशियनमध्ये, दोन मुठी करून. इन्स्पेक्टरने मोबाइल खिशात ठेवला. दुपारी त्याने आपल्या आईला फोन लावला आणि मेस्त्रींच्या हातात दिला. ती कुठल्याशा कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेली. दोघं कितीतरी वेळ बोलत होते. फोन परत देताना मेस्त्रींचे डोळे भरले होते. “ती म्हणाली, तिच्या लहानपणी शाळेत सगळ्यांना उभं करून रेडिओ लावायचे. मी म्हटलं, आमच्याकडे पुस्तकं यायची.”

एक गोष्ट ते सांगत नसत. अंतराळात पाठवलेल्या पहिल्या कुत्रीची. माझी मुलगी दहा वर्षांची असताना मी तिला एका शुक्रवारी घेऊन गेलो. ती इथेच वाढलेली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. तिने शाळेत कुत्रीबद्दल वाचलं होतं. तिने विचारलं, “बट व्हाय डिडन्ट दे ब्रिंग हर बॅक?”

मेस्त्री म्हणाले, “आणायची सोयच केलेली नव्हती बाय. पाठवतानाच ठाऊक होतं.” मुलगी रडायला लागली. त्यांनी तिला समजावलं नाही, की आता असं होत नाही वगैरे सांगितलं नाही. नुसते शेजारी बसून राहिले.

कामातली त्यांची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती. टाकीजवळ पोचल्यावर पहिलं काम झडपा बघायच्या. कुठली उघडी, कुठली बंद, स्वतः हात लावून. कोणी हसलं तर ते तिघांची गोष्ट सांगत. तीन अंतराळवीर तीन आठवड्यांहून जास्त स्थानकावर राहून परत निघाले. यानाचे भाग सुटे होताना एक लहानशी झडप वेळेआधी उघडली आणि आतली हवा जायला लागली. झडप हाताने बंद करता येत होती, पण बंद करायला जेवढा वेळ लागतो त्याच्या आत माणूस बेशुद्ध होतो. अंगावर हवेचे सूट नव्हते, कारण सूट घातले तर तिघं मावत नव्हते. यान छत्रीने व्यवस्थित खाली आलं. माणसं धावत गेली, दार उघडलं, तर तिघं आपापल्या जागी बसलेले. अंग अजून गरम.

ही गोष्ट चालू असताना इस्माईल जेवणाचं विचारायचा नाही.

तो अपघात मे महिन्यात झाला, सकाळी सातच्या सुमारास. वर्कशॉपमध्ये एक उभी टाकी होती, दोन पुरुष उंच, वरून माणूस जाईल एवढं भोक. स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग करताना आत आर्गन वायू सोडतात. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. आदल्या दिवशीच्या पाळीने नळी आतच सोडली होती आणि झडप पुरती बंद नव्हती. टाकीत उतरण्याआधी आतला प्राणवायू मोजायचा असतो. तो मीटर दोन आठवड्यांहून जास्त बंद होता. इस्माईलला एक माप घ्यायचं होतं. फोरमनने ‘जा, पटकन घेऊन ये’ म्हटलं आणि तो शिडीने आत उतरला.

मेस्त्री हेल्मेट अडकवत तिथे पोचले, नेहमीसारखे झडपेकडे गेले, आणि झडप उघडी दिसली. शिडी चढून त्यांनी भोकातून खाली बघितलं. इस्माईल तळाशी भिंतीला पाठ टेकून बसला होता, दमून बसावा तसा. त्यांनी हाका मारल्या.

पुढचं मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं आणि तिघांनी सारखंच सांगितलं. एक बिहारी फिटर आणि एक तमिळ हेल्पर इस्माईलला काढायला शिडीवर धावले. मेस्त्रींनी झडप बंद करायला सांगितलं, पंखा आणि हवेचा मुखवटा आणायला माणूस पिटाळला, आणि स्वतः त्या भोकावर पालथे पडले. दोन्ही हातांनी कड धरून. ते दोघं त्यांना ओढत होते, पाठीत बुक्के मारत होते. “हटो चाचा, वो मर जाएगा, हटो.” मेस्त्री हलले नाहीत. आत जो जाईल तो दोन श्वासांत खाली पडणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या छातीखाली दोन पुरुष खोल इस्माईल बसलेला होता. मुखवटा शेजारच्या कारखान्यातून यायला अकरा मिनिटं लागली. कड धरून त्यांच्या तळहातांना जखमा झाल्या होत्या.

इस्माईल गेला होता.

त्या दोघांचा जीव त्यांनी वाचवला, हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना कळलं होतं. तरी दुसऱ्या दिवसापासून लोक त्यांच्याकडे निराळ्या नजरेने बघायला लागले. सोळा वर्षांचा जोडीदार, आणि हा वर पडून राहिला. इस्माईलच्या घरी फोन त्यांनीच केला. मी शेजारी होतो. पलीकडे इस्माईलचा मोठा भाऊ. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “तू तिथे होतास ना?”

“होतो.”

“मग?”

मेस्त्रींनी फोन कानापासून खाली घेतला. मग फोन मी घेतला.

चार दिवसांनी मॅनेजरने मला एक निवेदन टाइप करायला दिलं. मयत कामगार परवानगी न घेता, कोणालाही न सांगता, स्वतःच्या मर्जीने टाकीत उतरला. मीटरचा उल्लेख नव्हता. झडपेचाही नव्हता. खाली साक्षीदार म्हणून विश्राम गोपाळ मेस्त्री यांच्या सहीची जागा. मी ते टाइप केलं. इथे हे सांगायलाच हवं, की ते खोटं आहे हे मला टाइप करताना माहीत होतं. अपघाताच्या दहा दिवस आधी मेस्त्रींनी मला मोबाइलवर एक फोटो पाठवला होता, वर्कशॉपच्या वहीतल्या त्यांच्या नोंदीचा. इंग्रजी बरोबर आहे का बघा, म्हणून. ‘ऑक्सिजन मीटर नॉट वर्किंग, टँक एंट्री डेंजर.’ मी उत्तर दिलं होतं, ‘बरोबर आहे.’ अपघातानंतर ती वही कोणाला सापडली नाही.

मेस्त्रींना हेड ऑफिसात बोलावलं. मॅनेजर, आमचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं बघणारा माणूस, आणि मी. मंदूब समजुतीच्या सुरात म्हणाला, “सही करा, दहा दिवसांत फाइल बंद. खलास. तुम्ही घरी जा.” घरी जाणं त्यांना किती गरजेचं होतं हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बायकोची, सुमतीवहिनींची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. जूनची रजा मीच मंजूर करून ठेवलेली. पण पोलीस चौकशी सुरू झाली होती आणि फाइल बंद होईपर्यंत साक्षीदाराला देश सोडता येणार नव्हता.

मेस्त्रींनी कागद वाचला. सावकाश, बोट ठेवून. मग कागद टेबलावर ठेवला, आणि मला वाटलं आता दोन्ही हात वर येतील. पण ते मांडीवरच राहिले.

“साहेब,” ते हिंदीत म्हणाले, “रशियनांनी पण पुष्कळ लपवलं. पहिला माणूस यानात बसूनच उतरला म्हणून जगाला सांगितलं. तो छत्रीने वेगळा उतरला होता. चाललं, कोणी मेलं नव्हतं. पण तिघं मेले तेव्हा झडप शोधायला लागली. त्यांनी काय केलं, एक माणूस कमी केला आणि उरलेल्या दोघांना सूट घातले. तेव्हा जर लिहिलं असतं की तिघांनी आपल्या मर्जीने चूक केली, तर चौथा कशाला बसला असता?”

मॅनेजर मला म्हणाला, “हा काय बोलतो आहे?”

मी म्हटलं, “सही करायची नाही म्हणतात.”

त्यांना वेल्डिंगवरून काढून मागच्या भंगाराच्या आवारात बसवलं. मोजायचं, ढीग लावायचे, उन्हात. तिथे सावली नव्हती. जून गेला. मी दर आठवड्याला कागद घेऊन शुऐब्याला जायचो तेव्हा त्यांना गाडीत बसवायचो, एसी लावून, दहा मिनिटं. एकदा गाडीत असतानाच वहिनींचा फोन आला. त्यांनी स्पीकर लावला, कानाशी धरायला तळहात अजून दुखत होते. वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“तो कागद काय तो सांगा बघू नीट,” त्या म्हणाल्या. मेस्त्रींनी सांगितलं.

“सही केल्यार सोडतले तुमका?”

“सोडतले.”

मग त्या म्हणाल्या, “मग करा सही. तो गेलो. मी अजून आसंय.”

मेस्त्रींनी डोळे मिटले. “इस्माईलाच्या बायलेक काय लिहून जातलां म्हायत आसा? तुझो घोव आपल्याच चुकीन मेलो.”

“माझ्या झीलाक काय सांगू मग? तुझो बापूस खय आसा?”

खोट्या सहीशिवाय त्यांना सोडवील असं एक उत्तर माझ्याकडे होतं. ते माझ्या मोबाइलमध्ये होतं. वहीतल्या नोंदीचा नुसता फोटो त्यांनी मॅनेजरला दाखवला होता आणि मॅनेजर म्हणाला होता, असा फोटो नंतरही काढता येतो. पण माझ्या फोनवर तो कधी आला त्याची तारीख होती आणि खाली माझं उत्तर होतं. चौकशीत त्यांना विचारलं होतं, हे कोणाला पाठवलं. त्यांनी ‘एका ओळखीच्याला’ असं सांगितलं, माझं नाव दिलं नाही. मला ते नंतर एवढंच म्हणाले, “तुमची मुलगी शाळेत आहे. घर इथे आहे.” मी त्यांचे आभार मानले. आज ते आठवलं की मला माझ्या त्या आभारांची लाज वाटते.

शुक्रवारचा रशिया बंद झाला होता. पण लोक सवयीने यायचे, चटईवर बसायचे. मेस्त्री कांदा चिरत राहायचे. एकदा कोणीतरी म्हणालं, ते गोठलेल्या स्थानकाचं सांगा ना. ती त्यांची सगळ्यांत लांबलेली, रंगलेली गोष्ट. स्थानक बंद पडून अंधारात, थंडीत फिरत राहिलं होतं आणि दोघांनी वर जाऊन, लोकरीच्या टोप्या घालून, बर्फ झालेल्या पाण्यातून ते पुन्हा चालू केलं. मेस्त्री सुरी न ठेवता म्हणाले, “केलं चालू. जिवंत परत आले.” आणि पुन्हा चिरायला लागले. इस्माईलचा पलंग कंपनीने दुसऱ्या माणसाला दिला होता. तो बिचारा त्यांच्यासमोर त्यावर बसायलाही कचरायचा.

ते मला एकदाच म्हणाले, “पाटणकरसाहेब, त्या अकरा मिनिटांत एकदा मला वाटलं की आत उडी मारूया. दोघं मरूया. माझे हात सुटत होते. मग मी सुटू नाय दिले. ते बरोबर होतं हे मला ठाऊक आहे. पण ठाऊक असून झोप लागत नाय.”

सुमतीवहिनी ऑगस्टमध्ये गेल्या. सकाळी बातमी आली आणि दुपारी दहन. मेस्त्रींच्या पुतण्याने स्मशानातून व्हिडिओ कॉल लावला. मी त्या दिवशी शुऐब्यालाच होतो. बातमी कळल्यावर गेलो होतो. वर्कशॉपमध्ये पत्र्याखाली सिग्नल लागत नव्हता म्हणून ते आवाराच्या मधोमध उन्हात उभे राहिले होते, हेल्मेट काढून, फोन दोन्ही हातांत धरून. छोट्या पडद्यावर पाऊस दिसत होता, पत्र्याची शेड, माणसं, मुलाच्या हातात मडकं. मुलाने अग्नी दिला आणि तेवढ्यात पडदा काळा झाला. ऑगस्टच्या दुपारी इथे फोन तापून आपोआप बंद पडतात. मी माझा फोन पुढे केला, पुतण्याचा नंबर विचारला. त्यांना नंबर पाठ नव्हता. तो त्या बंद फोनमध्ये होता.

ते तो काळा पडदा बघत उभे राहिले. मी त्यांना सावलीत चला म्हणत होतो, त्यांना ते ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी फोन खिशात ठेवला, खाली वाकून भंगारातला एक पाइपाचा तुकडा उचलला, आणि कुठे ठेवायचा ते न सुचल्यासारखा हातात धरून राहिले.

मी दुसऱ्या दिवशी चौकशी अधिकाऱ्याकडे गेलो. बायकोला सांगूनही गेलो नाही. भाषांतराच्या दुकानात जाऊन तो संदेश आणि माझं उत्तर अरबीत करून घेतलं, शिक्का मारून घेतला, आणि निवेदन मीच टाइप केलं हेही लिहून दिलं. अधिकारी शांत माणूस होता. त्याने तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तुझ्याकडे हे आधीपासून होतं?” मी हो म्हटलं. त्याने आणखी काही विचारलं नाही.

नोव्हेंबरमध्ये निकाल लागला. मीटर बंद होता, झडप उघडी होती, उतरायला सांगितलं गेलं होतं. जबाबदारी कंपनीवर आली. माझी नोकरी गेली नाही. मॅनेजर बदलला, एवढंच. मेस्त्रींनी निकालाची प्रत मराठीत करून मागितली आणि इस्माईलच्या भावाला फोनवर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. पलीकडून तो नुसतं “हां, हां” म्हणत होता. शेवटी म्हणाला, “घरी जाताना आमच्याकडे ये. इस्माईलच्या बायकोला तुला बघायचंय.” मेस्त्री म्हणाले, “येतो. पण ती मला विचारेल.” भाऊ म्हणाला, “विचारू दे.”

डिसेंबरच्या एका सकाळी मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. बाहेर गार वारं होतं. त्यांच्याकडे दोन बॅगा होत्या, एक त्यांची आणि एक इस्माईलची, आणि इस्माईलची जास्त जड होती. काउंटरवर वजन जास्त भरलं तेव्हा त्यांनी स्वतःची बॅग उघडली आणि काही न बघता कपडे काढून माझ्या हातात देत गेले. वजन बसलं. ते आतल्या रांगेला लागले. मी काचेच्या अलीकडे थांबलो.

रांग हळूहळू सरकत होती. त्यांचा फोन वाजला. त्यांनी खिशातून काढला आणि पडद्याकडे बघून जागच्या जागी थांबले. मागच्या माणसाने त्यांना हलकेच ढकललं, तरी ते हलले नाहीत. मी काचेला चिकटलो तेव्हा मला ते नाव वाचता आलं. सुमती. आईचा फोन आता मुलगा वापरत होता. नाव बदलायचं कोणाला सुचलं नव्हतं.

फोन वाजत राहिला. बंद पडेल असं वाटलं तेव्हा त्यांनी तो कानाशी नेला. काच जाड होती, पण ओठ दिसत होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांचं बोलणं मला ओठांवरून कळायचं.

“येतंय गे,” ते म्हणाले. मग क्षणभर थांबले, पलीकडचा आवाज ऐकला, आणि दुरुस्त करून म्हणाले, “येतंय रे. निघालंय.”